टाचेतून गेलेला ध्वनी

(बंगळूर येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



भाषेचा अभ्यास केलेल्या व्यक्तीने हाडांविषयी आणि ध्वनीविषयी बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. भौतिकी हा माझा विषय नव्हे. विज्ञानविषयक लेखन मराठीत आणण्याचे काम मी करते, आणि त्या कामाची एक अडचण अशी, की न समजलेले वाक्य वाचकाला ओलांडून जाता येते, भाषांतरकाराला येत नाही. जाणकार ज्या गोष्टी गृहीत धरतात त्या आम्हांला विचारून घ्याव्या लागतात. आज जे सांगणार आहे ते असेच विचारून, वाचून घेतलेले आहे. मात्र ते विचारण्याची निकड मला एखाद्या ग्रंथामुळे वाटली नाही. घरातल्या एका प्रसंगामुळे वाटली.

दोन वर्षांपूर्वी मल्लेश्वरममध्ये आमच्या घराजवळच्या एका सभागृहात हाडांच्या तपासणीचे विनामूल्य शिबिर भरले होते. माझी आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. यंत्र म्हणजे पाय ठेवण्यापुरती खोबण असलेली एक लहानशी पेटी. तिथल्या तरुणाने "अज्जी, चप्पल काढून पाय इथे ठेवा" असे सांगितले, टाचेच्या दोन्ही बाजूंना चिकट जेली लावली, दोन गोल चकत्या टाचेला दोन्हीकडून टेकल्या, आणि मिनिटाभरात एक कागद बाहेर आला. कागदावर लाल पट्ट्यात एक ठिपका होता व शेजारी आकडा होता : उणे २.७. "हाडे फार ठिसूळ झाली आहेत, पडू नका," एवढे बोलून त्याने पुढच्या बाईंना बोलावले.

आईने ते फार मनावर घेतले. रोज सकाळी ती सँकी तलावापर्यंत चालत जात असे, ते बंद केले. जिना उतरणे बंद केले. देवळात जाणे रिक्षाने, तेही कोणी सोबत असेल तरच. हाडावर भार पडेनासा झाला, की ते अधिकच विरळ होऊ लागते, हे आमच्यापैकी कोणालाच तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणजे ज्या गोष्टीचे तिला भय वाटत होते, तिलाच ती घरी बसून हातभार लावीत होती. तीन महिने हे असे चालले. त्या तीन महिन्यांत माझ्या मनात एक साधा प्रश्न होता. एका चकतीतून काही तरी निघाले, टाचेतून गेले व दुसऱ्या चकतीत पोहोचले. ते काय होते, वाटेत त्याचे काय झाले, आणि त्यावरून हाडाची प्रकृती कशी कळली?

निघाला तो ध्वनी होता. मात्र आपल्याला ऐकू न येणारा. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने कळतात. त्यापलीकडच्या ध्वनीला मराठीत श्राव्यातीत ध्वनी असे नाव आहे. शब्द जरा बोजड आहे, पण अर्थ अचूक सांगतो, म्हणून मी तोच ठेवते. गर्भवती स्त्रीची जी सोनोग्राफी करतात ती ह्याच ध्वनीने. तिथे सेकंदाला तीस ते पन्नास लाख किंवा त्याहून अधिक कंपने वापरतात. टाचेच्या यंत्रात मात्र ती दोन ते सहा लाखच असतात. हा फरक ध्यानात असू द्यावा. त्याचे कारण हाडाच्या रचनेत आहे.

जेलीचे काम सोपे आहे. हवेतून त्वचेत शिरताना हा ध्वनी जवळजवळ सगळाच परत फिरतो. चकती आणि कातडी ह्यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा राहू नये, म्हणून जेली.

ठोकून पाहून आतली स्थिती ओळखणे ही माणसाची जुनी विद्या आहे. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो. व्हिएन्नामधील वैद्य लेओपोल्ड आउएनब्रुगर ह्यांनी १७६१ मध्ये रोग्याची छाती बोटांनी ठोकून आतील दोष ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खाणावळ चालवीत, आणि पिंप ठोकून त्यात किती दारू उरली हे पाहण्याची रीत त्या मुलाने लहानपणी पाहिली होती असे सांगतात. टाचेचे यंत्र ह्याच घराण्यातले आहे. फरक एवढाच, की माठाच्या भिंतीला एकच पोकळी असते आणि हाडाच्या आत अक्षरशः असंख्य.

आता हाडाकडे वळू. आपण हाड म्हटले की पांढरे, टणक, दगडासारखे काही तरी डोळ्यांपुढे येते. तो त्याचा बाहेरचा भाग. त्याला घन अस्थी म्हणावे. परंतु पाठीच्या मणक्यांत, खुब्याजवळ, मनगटापाशी आणि टाचेत ह्या पातळ कवचाच्या आत निराळाच पदार्थ असतो. चांगल्या जमलेल्या अनारशाचा तुकडा मोडून पाहावा, तशी त्याची जाळी दिसते. इंग्रजीत त्याला स्पंजाची उपमा देतात. ती मला पूर्णपणे पटत नाही, कारण स्पंज दाबला की दबतो आणि हे दबत नाही. जाळीदार हाड म्हणणे अधिक बरे. ह्या जाळीच्या एकेका काडीची जाडी साधारणतः मिलिमीटरचा दहावा भाग किंवा किंचित अधिक, आणि दोन काड्यांमधले अंतर अर्धा ते एक मिलिमीटर. मधल्या पोकळ्या रिकाम्या नसतात. त्यांत मज्जा भरलेली असते, आणि प्रौढ माणसाच्या टाचेत ती बहुतांशी चरबीच असते. टाचेच्या आतील भागात हाड असे म्हणावे ते थोडेच. जागेच्या हिशेबाने बरेच काही मज्जाच.

ही जाळी वाटेल तशी विणलेली नसते. झुरिकमधील शरीरशास्त्रज्ञ फोन मायर ह्यांनी १८६७ मध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उभा छेद दाखवून त्यातील काड्यांच्या रांगा विशिष्ट वक्ररेषांत जातात हे प्रसिद्ध केले. त्यांचे सहकारी अभियंते कुलमान ह्यांनी तो छेद पाहताच ओळखले, की यारीच्या वाकलेल्या दांड्यात भार ज्या रेषांनी वाहतो त्याच ह्या रेषा. पुढे १८९२ मध्ये बर्लिनचे शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ ह्यांनी नियम मांडला, की जिथे भार पडतो तिथे हाड स्वतःला बळकट करते आणि जिथे पडत नाही तिथून काढून घेते. आईच्या तीन महिन्यांच्या बैठकीबद्दल मी वर जे म्हटले ते ह्यामुळे.

हाडाचा पदार्थही जोडकामाचा आहे. कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या दोरांवर कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक बसलेले असतात : लोखंडी सळया आणि काँक्रीट. त्या दोराची रचना तीन पदरी पिळाची आहे हे प्रथम मांडले गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन ह्यांनी, गोपीनाथ कर्था ह्यांच्यासह, मद्रासमध्ये १९५४ साली. रामचंद्रन हे बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत रामन ह्यांच्याकडे शिकलेले, आणि पुढे पुन्हा इथेच येऊन रेणवीय जीवभौतिकीचा विभाग त्यांनी उभा केला. हाडातील कोलॅजनविषयी जगात कुठेही काही लिहिले गेले, की त्याच्या मुळाशी ह्या पिळाचे चित्र असते.

वय वाढले, विशेषतः स्त्रियांची पाळी थांबली, की जाळी विरळ होऊ लागते. काड्या आधी बारीक होतात, मग कुठे कुठे तुटतात. तुटलेली काडी पुन्हा जोडली जात नाही. घन अस्थीपेक्षा जाळीचा झीज होणारा पृष्ठभाग कितीतरी अधिक, म्हणून ती आधी आणि वेगाने जाते. ह्याला अस्थिसुषिरता म्हणतात. ह्या रोगाचे वाईट हे, की तो दुखत नाही. साध्या क्ष-किरण चित्रात तो दिसू लागतो तोवर सुमारे तृतीयांश खनिज गेलेले असते. एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, आणि मग कळते.

मग सोनोग्राफीप्रमाणे ह्या जाळीचे चित्रच का काढत नाहीत? इथे मघाचा आकड्यांचा फरक उपयोगी पडतो. सेकंदाला पाच लाख कंपने असलेला ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जात असेल, तर त्याच्या एका लहरीची लांबी तीन मिलिमीटर होते. काडी आहे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. समुद्राच्या लाटेला किनाऱ्याजवळ रोवलेली एकटी काठी जाणवत नाही. शेकडो काठ्यांचा कुड असेल तर लाट मंदावते. तसेच हे. लहान लहरींचा, म्हणजे अधिक कंपनांचा, ध्वनी घ्यावा, तर तो जाळीत पुरता विरून जातो व पलीकडे काहीच पोहोचत नाही. म्हणून मोठ्या लहरी वापरायच्या, चित्राची आशा सोडायची, आणि जाळीतून बाहेर आलेल्या लहरीत काय बदल झाला एवढेच पाहायचे. यंत्र आत पाहत नाही. ते फक्त बाहेर पडणाऱ्याला विचारते.

ध्वनी प्रत्यक्ष आत असताना त्याला पाहता आले तर किती बरे, असे मनात येते. एका परीने तेही झालेले आहे, आणि मल्लेश्वरमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ मध्ये भारतीय विज्ञानसंस्थेचे संचालक म्हणून बंगळुरास आले. पारदर्शक द्रवातून श्राव्यातीत ध्वनी चालू असताना त्यातून आडवा प्रकाश पाठविला, तर पलीकडच्या पडद्यावर एका ठिपक्याऐवजी ठिपक्यांची रांग उमटते, हे १९३२ मध्ये अमेरिकेत डिबाय व सीअर्स ह्यांनी आणि फ्रान्समध्ये ल्युका व बिकार ह्यांनी दाखविले होते. कारण ध्वनी म्हणजे दाट व विरळ थरांची एकाआड एक मांडणी. प्रकाशाला ती एखाद्या बारीक जाळीसारखी भासते. परंतु इतके ठिपके का, आणि ध्वनीचा जोर वाढविला की काही उजळ होतात व काही विझतात ते का, हे नीट सांगता येत नव्हते. रामन आणि त्यांचे तरुण सहकारी नगेंद्र नाथ ह्यांनी १९३५-३६ मध्ये पाच निबंधांच्या मालिकेत ते उलगडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दाट थरातून जाणारा प्रकाश जरा मागे पडतो, विरळ थरातून जाणारा जरा पुढे जातो; सपाट शिरलेली प्रकाशाची आघाडी बाहेर पडताना पन्हाळी पत्र्यासारखी वळ्यांची होते, आणि त्या वळ्यांतून ठिपक्यांचे सगळे गणित निघते. हे निबंध आदल्याच वर्षी बंगळुरात स्थापन झालेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आले. ठिपक्यांमधल्या अंतरावरून ध्वनीच्या लहरीची लांबी मिळते, आणि लांबीला कंपनसंख्येने गुणले की वेग. ह्या युक्तीने एस्. पार्थसारथी ह्यांनी ह्याच संस्थेत अनेक सेंद्रिय द्रवांतील ध्वनीचे वेग मोजले.

रामन ह्यांच्या त्या प्रयोगाचे मला राहून राहून आकर्षण वाटते, कारण हाडाच्या बाबतीत सगळे उलट झालेले आहे. तिथे ध्वनीने जाळी घडविली आणि प्रकाशाने ती वाचली. इथे जाळी आधीच आहे आणि ती ध्वनीनेच वाचायची आहे. शिवाय हाड अपारदर्शक, त्यामुळे मध्ये डोकावण्याची सोय नाही.

तर बाहेर पडणाऱ्याला काय विचारायचे? पहिला प्रश्न : तू किती थकलास? १९८४ मध्ये इंग्लंडमधील लँग्टन, पामर आणि पोर्टर ह्यांनी टाचेपुढे हा प्रश्न ठेवण्याची रीत सांगितली. यंत्र एक अगदी आखूड ठोका पाठविते. त्या ठोक्यात दोन लाखांपासून सहा लाखांपर्यंत सगळ्या कंपनांचे मिश्रण असते. तो आधी नुसत्या पाण्यातून पाठवावा, मग टाचेतून, आणि प्रत्येक कंपनसंख्येला किती ऱ्हास झाला ते मोजावे. कंपने वाढतील तसा ऱ्हास वाढतो, आणि ह्या पट्ट्यात तो जवळजवळ सरळ रेषेत चढतो. त्या रेषेची चढण हेच माप. त्याला क्षीणनाचा उतार म्हणण्याचा मोह होतो, पण तो उतार नव्हे, चढच आहे.

ह्यात सामान्य माणसाची समजूत चकते. मीही चकले होते. मला वाटले, हाड चांगले असेल तर ध्वनी सुखाने पार होत असेल आणि खराब असेल तर अडत असेल. प्रत्यक्षात उलट आहे. दाट विणीच्या निरोगी टाचेत ध्वनी अधिक मरतो, विशेषतः त्यातील जलद कंपने. विरळ झालेल्या टाचेतून तो सहज निघून येतो. दार किती सताड उघडे आहे, एवढेच त्यातून कळते.

मरतो म्हणजे जातो कुठे? काही भाग काड्यांवर आपटून इकडेतिकडे फेकला जातो. काही भाग मज्जा आणि काड्यांच्या भिंती ह्यांच्या घासण्यात जातो, कारण लहर जाताना मज्जा आणि जाळी सारख्याच हलत नाहीत. काही हाडात व चरबीत उष्णता होऊन संपतो. ह्या वाटेकऱ्यांत कोणाचा हिस्सा किती, ह्यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. सुरुवातीस आशा अशी होती, की क्षीणन हे जाळीच्या विणकामाची, म्हणजे काड्या कशा जोडल्या आहेत ह्याची, स्वतंत्र साक्ष देईल. काढून घेतलेल्या हाडांच्या तुकड्यांवर मोजमापे झाली तेव्हा दिसले, की फरकाचा मोठा भाग तुकड्यात हाड एकूण किती आहे एवढ्यानेच स्पष्ट होतो. विणकामाचे बोलणे ऐकू येते, पण हळू. उत्साही लेखांतून ह्या दुसऱ्या भागाविषयी बरेच लिहिलेले असते आणि पहिल्याविषयी थोडे. माझ्या मते प्रमाण उलट असावयास हवे होते.

दुसरा प्रश्न : किती वेळ लागला? ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पाण्यात सुमारे १,५००, मऊ मांसात १,५४०, आणि घन अस्थीत ३,००० ते ४,०००. टाचेतील जाळीदार हाडात किती असावा? हाड आहे म्हटल्यावर दोन-अडीच हजार तरी असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो १,५०० च्या आसपासच येतो. कधी थोडा अधिक, विरळ टाचेत पाण्याहूनही कमी. म्हणजे इतके हाड वाटेत असून ध्वनी जणू पाण्यातूनच गेला.

ह्या कोड्याची किल्ली वैद्यकाकडून आली नाही. खडकांच्या अभ्यासातून आली. बेल्जियममध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले मॉरिस बायट ह्यांनी १९५६ मध्ये, द्रवाने भरलेल्या सच्छिद्र खडकातून लहरी कशा जातात ह्याचा सिद्धांत मांडला. खनिज तेलाचा शोध घेणाऱ्यांना तो हवा होता. त्यांच्या समीकरणांतून एक चमत्कारिक गोष्ट निघाली : अशा पदार्थात दाबाची एकच लहर जात नाही, दोन जातात. एक जलद, तीत सांगाडा आणि द्रव एकमेकांच्या संगतीने हलतात. दुसरी मंद, तीत ते एकमेकांविरुद्ध हलतात. ही मंद लहर प्रयोगात स्पष्टपणे पकडण्यास १९८० साल उजाडावे लागले. प्लोना ह्यांनी ती भाजून चिकटविलेल्या काचमण्यांच्या पाणी भरलेल्या ठोकळ्यात दाखविली. हाडात ती दोन लहरींची जोडी ठळकपणे दाखविली जपानमधील होसोकावा आणि ओतानी ह्यांनी, १९९७ मध्ये, बैलांच्या मांडीच्या हाडावर.

दोन लहरी म्हणजे काय, हे मला आमच्या गल्लीतल्या पावसाने समजावले. मोठा पाऊस झाला की गल्लीत गुडघाभर पाणी साचते आणि कोणी तरी त्यात फळ्या टाकतो. ज्यांना फळी सापडते ते भराभर पलीकडे जातात. बाकीचे पाण्यातून ओढत ओढत येतात. फळ्या गल्लीच्या लांबीच्या दिशेने टाकलेल्या असतील, तर टोकाला उभे राहणाऱ्याला दोन घोळके स्पष्ट दिसतात : आधी थोडेसे कोरडे लोक, मग पुष्कळ ओले. फळ्या आडव्या पडल्या असतील तर त्यांचा कोणालाच उपयोग होत नाही. सगळे जवळपास एकाच वेळी, ओलेच पोहोचतात. हाडातील काड्या म्हणजे ह्या फळ्या. ध्वनी काड्यांच्या दिशेने पाठविला तर जलद आणि मंद लहरी वेगळ्या होऊन येतात. आडवा पाठविला तर त्या एकमेकींत मिसळतात.

आणि टाचेच्या यंत्रात ध्वनी आडवाच जातो. शरीराचा भार टाचेत वरून खाली व मागे उतरतो, काड्यांच्या मुख्य रांगा त्या दिशेने असतात. यंत्राच्या चकत्या मात्र आतल्या व बाहेरच्या बाजूला असतात. त्या बाजू जवळजवळ सपाट व समांतर आहेत, वर मांस थोडे आहे, आणि माणसाला बूट काढण्यापलीकडे काही करावे लागत नाही, म्हणून ती जागा निवडली. सोयीची जागा निवडली, आणि सोयीबरोबर ही गैरसोय आली. वेग पाण्याइतकाच का येतो, ह्याचे कारणही बऱ्याच अंशी ह्यातच आहे : बहुतेक ध्वनी ओल्या वाटेने येतो.

ह्याच मिसळण्यातून एक प्रश्न अनेक वर्षे छळत राहिला. ध्वनीला गिळणाऱ्या पदार्थांत सामान्यतः जलद कंपने किंचित अधिक वेगाने जातात. कार्यकारणभावावर आधारलेले एक गणिती नातेच तसे सांगते. टाचेच्या बहुतेक हाडांत मात्र ती किंचित कमी वेगाने जाताना आढळली. म्हणजे मोजमाप चुकले, की नियम? २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले, की दोन्हींतून काहीच चुकलेले असण्याची गरज नाही. जलद आणि मंद लहरी प्रत्येकी नियम पाळीत असल्या, तरी त्या एकमेकींत मिसळून एकच लहर म्हणून मोजल्या गेल्या, तर बेरजेचा वेग उलटा भासू शकतो. दोन माणसे एकदम बोलत असता ऐकणाऱ्याने ते एकाचेच वाक्य समजावे, तसा हा प्रकार. तेव्हापासून मिसळलेल्या लहरी गणिताने सोडविण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आता त्या कागदाकडे परत येऊ. आईचा तो उणे २.७ हा आकडा काय होता? तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीपासून आपण किती खाली आहोत, हे प्रमाण विचलनाच्या एककात सांगणारा तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविले, की हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर अस्थिसुषिरता म्हणावी. परंतु ती रेषा आखली गेली दोन निरनिराळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी खुब्याचे व कण्याचे खनिज मोजणाऱ्या तपासणीसाठी. ध्वनीच्या यंत्राने ना खुबा पाहिला होता, ना खनिज तोलले होते. दोन्ही आकडे दिसायला सारखे आणि त्यांची भाषा निराळी. हाडांच्या घनतेचे तज्ज्ञ स्पष्टपणे सांगतात, की टाचेच्या ध्वनीच्या आकड्याला ती रेषा लावू नये. शिबिरातील कागदावर लाल पट्टा होता. हे वाक्य नव्हते.

ह्याचा अर्थ ध्वनीची साक्ष खोटी असा कोणी घेऊ नये. फ्रान्समध्ये पाच हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांची टाच ध्वनीने तपासून, पुढे कोणाचा खुबा मोडतो हे पाहण्यात आले. १९९६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टाचेच्या ध्वनीने धोक्याचा अंदाज खुब्याच्या क्ष-किरण मापाइतकाच चांगला दिला होता. म्हणून ज्याचा आकडा खाली आला त्याने पुढची तपासणी करून घ्यावी, हे योग्य. त्याला रोग झाला असे जाहीर करणे, हे नव्हे. शिवाय मापालाही लहरी असतात. टाच जरा पुढेमागे बसली, पायाला सूज असली, पाय थंडगार असला, तरी आकडा हलतो. चरबीतील ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो.

आईला शेवटी डॉक्टरांकडे नेले. क्ष-किरणांच्या तपासणीत खुब्याचा आकडा उणे १.९ आला. हाड विरळ होऊ लागले आहे, पण रेषेच्या अलीकडे आहे. डॉक्टरांनी औषधाबरोबर पहिली गोष्ट सांगितली ती चालण्याची. आता ती पुन्हा सँकी तलावापर्यंत जाते. काठी घेऊन, पण जाते.

तिने मला एकदा विचारले, मोडतो खुबा, मग तपासतात टाच, हे कसे? प्रश्न बिनतोड आहे. खुबा मांसाच्या आत खोल असतो, त्याचा आकार वाकडा, आणि त्याच्या मानेभोवती घन अस्थीचे कवच जाड. तरीही जर्मनीतील संशोधकांनी खुब्याच्या आरपार ध्वनी पाठविणारे यंत्र बनवून माणसांवर मोजमापे घेतली आहेत, आणि इटलीत कण्यावरून व खुब्यावरून परतणाऱ्या प्रतिध्वनींचा अभ्यास करणारी पद्धत तयार झाली आहे. खुब्यातून बाहेर आलेल्या ध्वनीत एक भाग कवचाला वळसा घालून आलेला असतो, एक जाळीतून आलेला असतो, आणि एक नुसत्या मांसातून. सगळ्यांत आधी कोण पोहोचला आणि तो कोणत्या वाटेने आला, हे ओळखणे हेच तिथले अवघड काम आहे.